वाढत्या अंगाचं धनुष्य

आमचे श्रीरंगराव जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये गाड्यांचे गिअरबॉक्स तपासतात. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधतात आणि शनिवारी स्वतःच्या करतात. वय सेहेचाळीस, उत्साह मात्र सातवीच्या सहलीचा.

२०१४च्या वसंतात माझ्या भावाचा, दत्ताचा, अमेरिकेतून, लुइझियानातून फोन आला. "भावोजी, जुलैत या. होडीतून धनुष्यबाणाने मासे मारू!" झालं! हे घरभर नाचायलाच लागले. जर्मनीत अशा मासेमारीला बंदी. म्हणून सराव इथल्या धनुर्विद्येच्या क्लबात आणि मासे तिथे, असा बेत ठरला. मला मात्र धडकी भरली. पडद्याचा रॉड लावताना ज्या माणसाने माझा चष्मा फोडला, तो डुगडुगत्या होडीत बाण सोडणार! दहाही बोटं शाबूत परत येतील का? मी अट घातली, "क्लबात शिकवणाऱ्या हेल्गाबाई हो म्हणाल्या तरच होडीत पाय टाकायचा. नाहीतर काठावर माझ्याशेजारी बसून भेळ खायची."

"आल्झो, तर मग मान्य!" हे जर्मन पेरत म्हणाले.

धनुष्यं विकणारा दुकानदार भला माणूस होता. नवशिक्याला पस्तीस पौंड ताणाचं धनुष्य पुरे, असं त्याने तीनदा सांगितलं. हे तिन्ही वेळा "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले आणि पन्नासचं उचललं. का, तर सासूबाईंनी यांना लहानपणी सगळं वाढत्या अंगाचं घेतलं. गुडघ्यापर्यंत शर्ट, पुढे कापूस कोंबलेले बूट.

"घेतानाच मोठं घ्यावं, मालिनी. मग पुरतं."

"अहो, आता तुमचं फक्त पोट वाढतंय!"

पण ऐकतील तर ते श्रीरंगराव कसले!

हेल्गाबाईंची परीक्षा साधी होती. धनुष्याची दोरी ओढायची, पाच मोजेपर्यंत धरायची आणि झटका न देता हळूच परत न्यायची. यांनी ओढली. निम्म्यावरच अडकली, चेहरा वांग्यासारखा जांभळा. "नाइन!", म्हणजे साफ नाही, म्हणत बाईंनी धनुष्य काढून घेतलं. मग बाण पाहिला. मासा ओढायचा दोर थेट बाणाच्या शेपटीला बांधलेला! बाणावर एक सरकती कडी असते. ती दोराला धनुष्याच्या पुढे ठेवते. ती नसेल तर दोर अडकून बाण उलटा आपल्याच तोंडावर येऊ शकतो, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. कडी पाकिटात आली होती. यांनी ती जास्तीची समजून ड्रॉवरमध्ये टाकली होती. गिअरबॉक्सवाल्याने! मी भ्यायले होते, आणि भ्यायले की मला राग येतो. सगळ्यांदेखत मराठीतून चांगलं झाडलं.

दोन दिवस हे रुसून बसले. तिसऱ्या दिवशी न सांगता दुकानात गेले आणि पस्तीसचं धनुष्य, बोटांसाठी रबरी टोप्या आणि पाण्यावरची चकाकी कापणारा चष्मा घेऊन आले. कडी बसवली आणि स्वतः दोनदा तपासली. जूनमध्ये पुन्हा परीक्षा झाली. हेल्गाबाई जर्मनमध्ये मोजत होत्या, मी मराठीत. पाच म्हटल्यावर अख्ख्या क्लबाने टाळ्या पिटल्या, आणि बाई पहिल्यांदा हसल्या.

जुलैत आम्ही तिघंही होडीत बसलो, लाइफ जॅकेट घालून. पहिले अकरा बाण पाण्यालाच लागले. "भावोजी, मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरा!" दत्ता ओरडून ओरडून दमला. बारावा लागला! केवढा थोरला कार्प मासा! होडी हलली, दत्ता उड्या मारायला लागला, मी किंचाळले. दोर दत्ताच्या हातात देऊन यांनी धनुष्य खाली ठेवलं, रबरी टोप्या काढल्या आणि दोन्ही पंजे माझ्यापुढे पसरले.

"मोजून घे, मालिनी. सगळी आहेत."

मी एकेक बोट धरून मोजलं. इतकं हसू आणि इतकं रडू एकदम आलं, की सातव्या बोटाला चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.