मी मान डोलावली

धाकट्या बहिणीसाठी दिवसभर टाळ्या वाजवणं फार दमवणारं काम आहे. गेल्या जानेवारीत एका रविवारी मी ते सकाळी दहापासून केलं.

घोडबंदर रोडला तिच्या सोसायटीमागे लग्नाचं लॉन आहे. तिथे तिच्या ग्रुपने दिवसभराचा ब्लूग्रास महोत्सव ठेवला होता. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांचं गाणं. मँडोलिन, बॅन्जो, गिटार, व्हायोलिन; सगळं लाकूड आणि तारा, बटण दाबून वाजणारं काही नाही. हे तिने मला फोनवर तीनदा समजावलं होतं, जणू मी मँडोलिन कधी पाहिलंच नव्हतं. मी डोंबिवलीहून निघाले, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास रिक्षात बसले आणि पोचले ती एकच गोष्ट ठरवून. आज बाबांचं मँडोलिन मागायचं.

बाबा एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवायचे. कोपरच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांनी आम्हा दोघींना त्या एकाच वाद्यावर शिकवलं. माझं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी ते तिला देऊन टाकलं. मी मोठी, शिकायला आधी मी बसले, पण मला कोणी विचारलंही नाही. पंचवीस वर्षं ते माझ्या मनात सलतंय. आता तर तिने परदेशातून नवीन, महागडं मँडोलिन मागवलं होतं. मग जुनं मला द्यायला हिचं काय जातं?

लॉनवर बसायला जवळच्या तबेल्यातून आणलेले पेंढ्याचे भारे मांडले होते. स्टेजवर सगळ्यांना मिळून एकच माईक. ज्याचा तुकडा असेल तो पुढे सरकायचा, वाजवून झालं की मागे व्हायचा. माझी बहीण पुढे आली. जीन्स, चेकचा शर्ट, डोक्यावर हॅट. पन्नाशीला टेकलेली बाई. मला हसू यायला हवं होतं. पण तो अवतार तिला शोभत होता, हीच तर पंचाईत होती.

आणि वाजवत तर अशी होती की बोटं दिसत नव्हती. मी तिच्या चुका शोधत बसले. एका ठिकाणी तिची तार उतरली, तेव्हा मला जे झालं त्याला आनंदच म्हणतात. शेजारच्या मुलीने मला सांगितलं, आंटी, या किती भारी वाजवतात. माझी बहीण आहे, असं मी म्हणून गेले. माझ्या आवाजात अभिमान होता. त्याचाही मला राग आला.

दुपारी मी नेलेली थालीपीठं तिच्या वादकांनी फस्त केली. ताईच्या हाताला चव आहे, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. तिच्या हातात सूर आणि माझ्या हातात चव, अशी वाटणी आमच्या घरात कधीच झाली होती. मी डबे आवळून पिशवीत भरले.

जेवणानंतर आंब्याखाली वादक गोल करून बसले. तिथे स्टेज नाही, ज्याला हवं त्याने बसावं. ती बाबांचं मँडोलिन घेऊन आली, सूर लावून ठेवलंय म्हणाली आणि ते माझ्या मांडीवर ठेवून स्वतः गिटार घेऊन समोर बसली. मागायचे शब्द माझ्या तोंडातच राहिले. मी आपली धीराने ताल धरून तारा छेडत राहिले. सगळे एकेक करून तुकडा वाजवत होते. मध्येच तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मला इतकं बरं वाटलं. पंचवीस वर्षांनी का होईना, बाईने दाद दिली. मीही हसून मान डोलावली. तेवढ्यात शेजारच्या बॅन्जोवाल्याने तुकडा उचलला. दुसऱ्या फेरीला तिने पुन्हा मान हलवली, मी पुन्हा डोलावली. या वेळी दोघं-तिघं हसले.

गाणं संपल्यावर ती वाकून म्हणाली, "ताई, मान काय डोलावतेस? तुझी पाळी आलेली. मान हलवली की वाजवायचं. बाबा करायचे तसं."

"बाबा काय करायचे?"

"अगं, एक तुकडा वाजवायचे, मँडोलिन खाटेवर ठेवायचे आणि आपल्याकडे बघून मान हलवायचे. म्हणजे घ्या, आता तुम्ही. तू छान-छान म्हणत मान डोलवायचीस. बाबा म्हणायचे, हिला ऐकायलाच आवडतं."

ती खाट, तिच्यावरची निळी चादर, बाबांची मान, सगळं जसंच्या तसं समोर आलं. मला वाटायचं बाबा विचारतायत, कसं झालं? मी मनापासून सांगायचे, छान. आणि माझ्या मागून ही येऊन मँडोलिन उचलायची. मी तिला हावरट म्हणायचे. बाबा रोज विचारत होते आणि मी रोज नको म्हणत होते.

पुढच्या गाण्यात तिने मान हलवली तेव्हा मी वाजवलं. बाबांनी शिकवलेला पहिला तुकडा, तोही अर्धाच आठवला. दोन सूर चुकले, बोटांची टोकं सोलून निघाली. मग मी बॅन्जोवाल्याकडे बघून मान हलवली.

निघताना तिने मँडोलिन पेटीत घालून माझ्या हातात दिलं. म्हणाली, घेऊन जा, मला वाटायचं तुला नकोच आहे. नको म्हणायला हवं होतं, हे मला कळत होतं. तरी मी पेटी घेतली आणि रिक्षात ती घट्ट धरून बसले.

हेवा गेलेला नाही. आता मला आठ वर्षांच्या एका पोरीचा हेवा वाटतो. खाटेवरचं मँडोलिन ती कोणालाही न विचारता उचलायची.