आईचं मंगळसूत्र आणि आत्याचा एक दिवस

माझी आत्या आयुष्यात एकच दिवस सवाष्ण होती.
तीही माझ्या आईचं मंगळसूत्र घालून.

आज सकाळी गेली ती.
हे लिहायची परमिशन तिचीच. म्हणालेली, "मी गेल्यावर टाक. मग मला कोण काय बोलणारे?" आईही हो म्हणाली.

मी जन्मायच्या आधीची गोष्ट. आत्याचं लग्न झालेलं नाही आणि दिवस गेलेले. बाळकुमच्या घरात फक्त आईला, म्हणजे तिच्या वहिनीला माहीत.

तेव्हा दवाखान्यात आधी गळा बघायचे, मग पेशंट.
आईने गळ्यातलं काढून तिला घातलं. आजीला सांगितलं, वाढलंय, गाठवायला दिलंय.
ओळखीचं कोणी नको म्हणून दोघी कल्याणला गेलेल्या. संध्याकाळी मंगळसूत्र परत आईच्या गळ्यात.

मग इतक्या वर्षांनी सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला. लग्न झालेलं असो नसो, गर्भपाताचा हक्क सेम. शरीर तिचं, निर्णय तिचा, आणि ते तिचं खासगी.
टीव्हीवर बातमी चालू. मटार सोलता सोलता आत्या म्हणाली, "वहिनी, आता तुझं गळ्यातलं कोणाला द्यायला नको."
दोघी हसत सुटल्या. मग रडल्या. मी येड्यासारखा बघतोय, तेव्हा कुठे मला सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. कोण होता तो? नाव सांग, आत्ताच जातो.
"बस खाली. कोर्टाने नाही विचारलं, तू कोण रे विचारणारा?"

मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा सगळ्यांनी कारण विचारून पिडलेलं.
आत्याने फक्त विचारलं, जेवलास का.

गेल्या महिन्यात डोंबिवलीतली 'ती' मला नाही म्हणाली. मी तिच्या बिल्डिंगखाली जाऊन जाब विचारणार होतो. आत्या अंथरुणावर. जवळ बोलावलं, हातातली बाईकची चावी काढून उशीखाली ठेवली.
"नाही म्हणाली ना? झालं मग. कारण द्यायला ती बांधलेली नाहीये."

आज शेजारच्या काकू म्हणाल्या, बिचारी, जन्मभर एकटीच राहिली.
मी उसळणार, तेवढ्यात आई बोलली.
"एकटी कुठे? मी होते ना."

त्या माणसाचं नाव मला अजून माहीत नाही. आईला विचारणारही नाही.
आणि डोंबिवलीवाले, तू वाचत असशील तर, तुलाही काही विचारणार नाही.

चावी अजून तुझ्या उशीखालीच आहे, आत्या.
राहू दे तिथेच.
सावकाश जा. भरल्या मनाने निरोप.