शर्यतीचे सातवे कलम

दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीची दोन वर्षे जळगाव ते धुळे अशी सायकलींची शर्यत होत असे. मुंबईच्या एका सायकल कंपनीचा एजंट ती भरवी. होळीच्या आधीचा रविवार ठरलेला. सकाळी आठला जळगावहून निघायचे, एरंडोल आणि पारोळ्यावरून दुपारपर्यंत धुळे गाठायचे. रस्ता बहुतेक खडी-मुरुमाचा होता. मी तेव्हा जळगावच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. दोन्ही वर्षी एजंटाच्या मोटारीतून स्वारांच्या मागे गेलो आणि दोन्ही वर्षी वृत्तांत मीच लिहिला.

शर्यतीचे नियम आमच्याच छापखान्यात छापले गेले. इंग्रजी कागद एजंटाने दिला, मराठी मी केले. एकूण अकरा कलमे होती. सातवे असे: कोणाही स्वाराने वाटेत परक्या हातून अन्न, पाणी अथवा मदत घेऊ नये, घेतल्यास तो बाद समजला जाईल. भाषांतर करताना मला त्यात वावगे काही दिसले नाही. हा कागद फक्त स्वारांना वाटला. रस्त्यावरच्या गावांना तो द्यावा असे एजंटाला सुचले नाही आणि मलाही नाही.

पारोळ्याच्या अलीकडे, नाल्याच्या उतारावर, एक गाव आहे. शिवरात्र झाली की पाऊस लागेपर्यंत तिथे रस्त्याने जाणाऱ्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. घराघरांत पाळी लावलेली असे. पाणी नाकारण्याचा अर्थ त्या भागात एकच होता. ज्या घराशी वैर धरायचे, त्या घरचे पाणी सोडायचे. दोन भावांत वाटणीवरून बिनसले तरी गाव एवढेच म्हणे की धाकट्याने थोरल्याकडचे पाणी सोडले.

पहिल्या वर्षी खरी चुरस दोघांत होती. एक धुळ्याचा, टपाल कचेरीच्या तारा घरोघरी वाटण्याचे काम करणारा. दुसरा जळगावच्या एका सायकलच्या दुकानातला फिटर. तो वर्षभर पहाटे मेहरूणच्या तलावाकाठच्या रस्त्यावर सराव करी आणि नऊला दुकान उघडी. एजंटाने सुरुवातीलाच सांगितले होते की दोन वर्षांत जो चांगला ठरेल त्याला कंपनी पगारी स्वार म्हणून मुंबईला नेईल. फिटरला दुसरे काही नको होते. दुकानाच्या भिंतीवर त्याने नियमांचा कागद चिकटवला होता आणि तो त्याला पाठ होता.

त्या गावाशी दोघे बरोबरीने आले. तारवाल्याने वेग कमी केला, पुढे आलेला तांब्या घेतला, दोन घोट प्यायला आणि निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिटरच्या बाजूला एक म्हातारा होता. तो सायकलीबरोबर धावत तांब्या त्याच्या तोंडाशी नेऊ लागला. फिटरने मान फिरवली, तरी म्हातारा हटेना. शेवटी फिटरने हाताने तांब्या दूर सारला. तो उडून चारीत पडला. मागून आवाज आले.

"अरे, आमना गावनं पानी कडू शे का?"

"लाटसाहेब शे तो! मस्ती चढेल शे त्याले!"

मोटारीतून आम्ही हे सगळे पाहिले. मी एजंटाला सातव्या कलमाची आठवण दिली. तो म्हणाला, "जाऊ द्या हो. लोक किती खूश आहेत, बघा." तारवाला पहिला आला, फिटर दुसरा.

सोमवारी फिटर आमच्या कचेरीत आला. उभ्यानेच बोलला. "भाऊ, नियम तुम्हीच छापला ना? मग मी तो पाळला, हे पण छापा. तो पाणी प्यायला ते नका छापू वाटलं तर. माझं तेवढं छापा."

मी म्हणालो, मजकुराचे खिळे जुळवून झाले आहेत. ते खरे होते. पण दोन ओळी बसवता आल्या असत्या, हेही खरे होते. अंकात आले ते असे: "नाल्याजवळच्या गावी ग्रामस्थांनी प्रेमाने पुढे केलेला पाण्याचा तांब्या जळगावच्या स्वाराने हाताने उडवला." या वाक्यात चुकीचे काही नव्हते.

आमचे साप्ताहिक त्या गावात शाळामास्तरांकडे जाई आणि ते चावडीवर वाचून दाखवीत. ज्यांनी प्रकार पाहिला नव्हता त्यांनाही तो कळला. एरंडोलच्या बाजारात, जामनेरच्या बाजारात लोक फिटरविषयी बोलू लागले. त्याच्या दुकानावरून जाताना कोणी विचारी, "काय भो, आज पाणी प्यायलास का?" तो चाकाच्या तारा आवळत राही. सराव त्याने सोडला नाही. उलट वाढवला.

दुसऱ्या वर्षी शर्यत सुटायच्या वेळी जळगावातच ओरडा झाला. "घरनं पाणी पिऊन निघ रे!" एरंडोलच्या वेशीत कोणीतरी त्याच्या अंगावर कळशी रिकामी केली. त्याने वर पाहिले नाही. एरंडोल सोडले तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता आणि तारवाला मैलभर मागे होता. एजंट मला म्हणाला, "हाच आपला माणूस. धुळ्यातच कागदावर सही घेतो." तोपर्यंत त्याने हे इतक्या स्पष्टपणे कधी म्हटले नव्हते.

त्या गावाने त्याच्यासाठी तयारी केली होती. हे आम्हाला नंतर कळले. चावडीवर बसून ठरवले होते की औंदा त्याला पाणी पाजायचेच. मारायचे नाही, शिवी द्यायची नाही, वैर ठेवायचे नाही. थांबवायचे, पाणी पाजायचे, हार घालायचा आणि सोडायचे. त्यासाठी उताराच्या तळाशी पुरुष हातात हात धरून रस्ताभर उभे राहिले. त्यांच्या पुढे पाच बायका डोक्यावर कळशा घेऊन होत्या. हलगी वाजत होती. उतारावरून सुटलेली सायकल किती अंतरात थांबते, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गावात सायकल एकच होती, मास्तरांची, आणि ते उतारावर उतरून चालत.

आमची मोटार माथ्यावर होती. फिटरने ब्रेक दाबलेला दिसला. मागचे चाक मुरुमावर घसरले. समोर बायका होत्या. त्याने हँडल डावीकडे वळवले आणि तो मैलाच्या दगडावर गेला. आवाज आम्हाला मोटारीत ऐकू आला. त्यानंतरही थोडा वेळ हलगी वाजत होती.

आम्ही पोचलो तेव्हा त्याच्याभोवती कडे झाले होते. उजवा गुडघा फुटला होता आणि पाय भलत्याच बाजूला वळला होता. तो उठायचा प्रयत्न करीत होता. दोनदा उठला, दोनदा बसला. गेल्या वर्षीचाच म्हातारा त्याच्याजवळ बसला होता आणि तोच तांब्या त्याच्या हातात होता.

"आते तरी पी रे भो," तो म्हणाला. "येवढं पी ले. आम्ही तुले माराकरता नही उभा व्हतूत."

एका बाईने त्याचे डोके धरले. म्हाताऱ्याने तांब्या ओठांना लावला. फिटरने दात आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेले, सदऱ्यावर सांडले.

"तोंड उघाड ना रे," बाई म्हणाली. ती रडत होती.

त्याने मानेनेच नकार दिला आणि गर्दीत एजंटाला शोधले. एजंट दिसल्यावर तो म्हणाला, "साहेब, मी पाणी घेतलेलं नाही. लिहून घ्या. सायकल उभी करून द्या फक्त." मग लगेच म्हणाला, "नको, हात लावू नका कोणी. मी करतो."

सायकलीचे पुढचे चाक दुमडले होते. एजंटाने घड्याळ पाहिले आणि पुन्हा खिशात टाकले. तेवढ्यात तारवाला आला. लोकांनी त्याला वाट दिली. फिटरसाठी आणलेला हार त्याच्या गळ्यात पडला. तो एक पाय टेकून थांबला, दोन घोट प्यायला, खाली पडलेल्याकडे पाहून निघून गेला. आम्ही फिटरला मोटारीच्या मागच्या बाकावर आडवे घातले आणि धुळ्याच्या दवाखान्यात नेले. वाटेत त्याने दोनदा विचारले की धुळे किती राहिले. पाणी मात्र त्याने दवाखान्याच्या दारातच मागितले.

डॉक्टरांनी पाय वाचवला, गुडघा गेला. तारवाल्याला कंपनीने मुंबईला नेले.

या वेळी मी सातवे कलम वृत्तांतात शब्दशः घातले. संपादकांनी ते खोडले. कलम छापले तर तारवाल्याचा विजय संशयात येतो, आणि एजंटाची जाहिरात दर अंकात आमच्या शेवटच्या पानावर असे. मी वाद घातला नाही. उरले ते एवढेच: "पाय मोडून पडला असताही त्याने गावकऱ्यांचे पाणी घेतले नाही." मास्तरांनी तेही चावडीवर वाचले. मग त्या गावाने ठरवले की ज्या दुकानात हा माणूस बसतो तिथली पायरी चढायची नाही. शर्यत पुन्हा भरली नाही.

चार-पाच वर्षांनी, एका उन्हाळ्यात, मी पंक्चर काढायला त्याच दुकानात बसलो होतो. फिटर उजवा पाय लांब सरळ ठेवून पाटावर बसे. तो पाय वाकत नसे. एक म्हातारा जुनी सायकल ढकलत आला. चाकात हवा नव्हती. दुकान कोणाचे, हे त्याला ठाऊक नसावे. सायकल भिंतीला लावताना त्याची नजर त्या पायावर गेली आणि तो थांबला. मीही त्याला ओळखले. दोन्ही वर्षी तांब्या पुढे करणारा तो हाच.

मग मीच सातव्या कलमाविषयी त्याला सगळे सांगितले. पाणी घेतले असते तर हा बाद झाला असता, त्याची मुंबईची नोकरी हुकली असती, दोन्ही वर्षी त्याने नियम पाळला, एवढेच. म्हातारा ऐकत राहिला. मग त्याने मला विचारले, "मंग हाई छापामां का बरं नही वनं?"

फिटरने घंगाळात ट्यूब बुडवून हाताने दाबायला सुरुवात केली होती. ती माझी ट्यूब होती. त्याने मान वर न करता माठाकडे बोट दाखवले. "आबा, उन्हातून आलात. पाणी घ्या."

म्हातारा माठापर्यंत गेला. तांब्या उचलला, पाहिला आणि पुन्हा पालथा ठेवला. "माले नही जमाव," तो म्हणाला. "तुनं पानी सारा गावनी सोडेल शे." मग सायकल भिंतीपासून काढली आणि तशीच ढकलत उन्हात निघून गेला.