बाबांच्या सायकलचे मडगार्ड

मंडळी, आज सकाळी बाबांच्या सायकलला पत्र्याचे नवे मडगार्ड बसवले. पावसाळ्यात त्यांच्या पाठीवर चिखल उडतो म्हणून. पाना घरचाच होता. टायरला घासू नयेत म्हणून सळ्या वाकवल्या, नट आवळले. बाबा ओट्यावर बसून बघत होते.

दुपारी ते वावरातून आले ते सायकल खांद्यावर घेऊन. मडगार्डात ओली, चिकट काळी माती ठासून भरली होती, चाक फिरतच नव्हतं.

"बाबा, मले सकाळीच काहून नाही सांगतलं?"

"तू एवढ्या हौसेनं लावून राह्यलता, कायले बोलू?"

मडगार्ड काढले. माळ्यावर ठेवायला गेलो, तर बाबांनी कधीतरी काढून ठेवलेली सायकलच्या मूळ मडगार्डांची जोडी तिथे आधीच होती.

तुम्ही घरच्यांना न विचारता त्यांचं काय काय सुधारलंय?