दारात बंद केलेली मोटार

हिंगोलीच्या स्टेशनावरून पुसेगावमार्गे सेनगावला जाणारी मोटार सोनाजी लोहार चालवायचा. त्याच्याविषयी त्या रस्त्यावर एक गोष्ट लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती: सोनाजी मोटार बंद करत नाही. उतारू चढोत, उतरोत, टपावर हळदीची पोती चढवताना कुणाचा पाय घसरो, इंजिन आपलं धडधडतच असायचं आणि सोनाजी चाक धरून जागेवर. पुसेगावच्या पारावरच्या जाणत्यांचं मत असं होतं, की ड्रायव्हर झाला की माणसाच्या अंगात मस्ती येतेच. सोनाजी हे ऐकून घेई आणि पानाची पिंक टाकून समोर बघत राही. बोलायला त्याला तोंड नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की ती मोटार एकदा तापली आणि बंद केली, की पुन्हा सुरूच होत नसे. सकाळी थंड असताना हँडलच्या एका फेऱ्यात गुरगुरायला लागणारं तेच इंजिन, दोन-चार कोस पळवून थांबवलं की मेल्यासारखं पडायचं. मग हँडल फिरवून फिरवून खांदे निखळोत. सुरुवातीला एक-दोनदा असं झालं, तेव्हा उतारूंच्या विड्या संपल्या, गप्पा संपल्या, शिव्याही संपल्या, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात ते सुरू झालं. त्यात एक्सिलेटरवरचा पाय काढला, की आचके देऊन आपणहून बंद पडायचीही त्याला खोड होती. म्हणजे सोनाजीला खाली उतरायचीसुद्धा सोय नाही. क्लीनर ठेवायला मालक तयार नव्हता.

मालक मोहियोद्दीन सेठ. माणूस दिलदार, पण धंद्यात पक्का. त्याच रस्त्यावर दुसऱ्याची मोटार धावत होती, म्हणून त्यानं सोनाजीकडून वचनच घेतलं होतं, की ही खोड कुणाच्या कानावर घालायची नाही, अगदी घरच्यांच्याही नाही. सोनाजीनं ते पाळलं. शब्द पाळणारी माणसं चांगली असतात, पण कधीकधी फार मूर्खही असतात.

सोनाजी ड्रायव्हर झाला तोही एका मोडतोडीमुळे. सेठनं ही मोटार हैदराबादेहून जुनी म्हणून विकत आणली, आणि हिंगोलीत शिरता शिरताच तिची पेट्रोलची नळी चिरली. बाजारामागं सोनाजीचा भाता होता. त्यानं तांब्याची नवी नळी केली, लांबचा वळसा टाळून जवळच्या वाटेनं इंजिनाशी नेली, आणि हादऱ्यानं पुन्हा चिरू नये म्हणून धुराच्या लोखंडी नळाला तारेनं करकचून बांधून टाकली. काम इतकं देखणं झालं, की सेठनं तिथंच त्याला विचारलं, मोटार शिकतोस का म्हणून. नांगराचे फाळ ठोकून ठोकून कंटाळलेल्या सोनाजीनं दुसऱ्या दिवशी भाता चुलतभावाच्या हवाली केला.

पुसेगावात मोटार थांबायची तिथून हाकेच्या अंतरावर त्याच्या थोरल्या बहिणीचं, रूपाबाईचं घर होतं. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. भाऊ रोज दारावरून जाणार म्हटल्यावर तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. पण भाऊ यायचा तो असा: भोंगा वाजवायचा, ती धावत यायची, खिडकीतून कधी खारीक-खोबऱ्याची पुडी तिच्या हातात द्यायचा आणि निघून जायचा. ये, घोटभर पाणी तरी घे, असं ती म्हणे. उशीर झालाय, असं तो म्हणे. वर्षं गेली तरी त्याचा उशीर काही संपला नाही. सेठच्या सर्व्हिसला सुट्टी नव्हती, आणि सणावारी तर उतारूंची झुंबड.

एका भाऊबीजेला रूपाबाईनं तबक सजवून वाट पाहिली. पाट मांडलेला, भोवती रांगोळी. भोंगा वाजला, भाऊ उतरेना. शेवटी तीच तबक घेऊन मोटारीपाशी आली आणि खिडकीतून ओवाळायला लागली. निरांजन वाऱ्यानं विझलं. कुंकवाचं बोट कपाळावर टेकवायला आणि इंजिनानं आचका द्यायला एकच गाठ पडली. कुंकू गेलं भुवईवर, तिथून नाकावर. आतले उतारू खो खो हसले. सोनाजीही, काय करावं न कळून, हसला.

त्याचं ते हसणं तिला लागलं. तबक पदराआड धरून ती म्हणाली, "सोना, पाव्हण्यासारखा आलास अन् सरकारी माणसासारखा चाललास. आता तुझी मोटार माझ्या दारात बंद व्हईल, त्याच दिवशी मी तुला ओवाळीन. तवर भोंगा वाजवू नको."

तेव्हापासून ती बाहेर आली नाही. पुढची भाऊबीज तशीच गेली. खाऊच्या पुड्या तिचा नवरा रामकिशन खालमानेनं घेऊन जाई. ड्रायव्हरच्या जागेवरून सोनाजीला तिचं दार रोज दिसायचं, आणि ते बंद असायचं. माणसानं एवढं जवळ राहून एवढं लांब राहावं, याची त्याला आतून लाज वाटायची.

त्यानं मोटारीचं काय काय केलं नव्हतं? प्लग घासले, तारा बदलल्या, सवड मिळेल तशी इथली धूळ झाड, तिथलं तेल बदल. पण मोटारीला मोकळा दिवस असा मिळतच नव्हता, आणि चालू आहे तोवर चालू द्या, हे सेठचं धोरण.

ते धोरण महायुद्धानं मोडलं. पेट्रोल परवान्यावर मिळायला लागलं, तेही मोजून. दसरा झाल्यावर सेठ स्टेशनावर आला आणि म्हणाला, "सोनाजी, उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचे दिवस गेले. जिथं थांबशील तिथं बंद कर."

"बंद केली तर निघनार कशी, सेठ?"

"ते तू बघ."

"मंग आजची दुपार मला द्या," सोनाजी म्हणाला. "अन् तुमी संगं चला. हँडल मारायला माणूस लागंल."

रिकामी मोटार चांगली तापवून त्यानं कयाधू नदीच्या काठी आणली आणि बंद केली. सेठनं शेरवानी काढून बाभळीला अडकवली, बाह्या सारल्या आणि हँडल धरलं. इंजिन ढिम्म. सोनाजीनं एका प्लगची तार काढून इंजिनाच्या अंगाजवळ धरली आणि सेठला हँडल मारायला सांगितलं. टिचकन निळी ठिणगी पडली. म्हणजे ठिणगी आहे. मग त्यानं पेट्रोलची नळी इंजिनापाशी सोडवली आणि पुन्हा हँडल मारायला सांगितलं. सेठ घामाघूम, पण उत्साह दांडगा. नळीतून पेट्रोलची धार यायला हवी होती. आला तो फेस, फुरफुरत, उकळी आलेल्या चहासारखा, आणि मागून नुसती वाफ.

सोनाजी बघतच राहिला. पेट्रोल उकळत होतं. मोटार चालती असताना ते नळीतून झरझर पुढं जायचं, तापायला फुरसत नसायची. मोटार थांबली की जागच्या जागी शिजायचं. पण शिजायचं कुठं? नळी कुठं तापते हे बघायला तो बोटानं चाचपत मागं गेला आणि चटका बसून हात झटकला. नळी धुराच्या नळाला चिकटून होती, तारेनं करकचून बांधलेली. तारेची ती पीळ मारायची पद्धत त्यानं लगेच ओळखली. स्वतःचीच होती.

आधी त्याला हसू आलं, मग ते कुठंतरी आत जाऊन रुतलं. लोहाराच्या जातीला आच म्हणजे घरचीच. तांबं-लोखंड तापलं म्हणून बिघडतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. नळीचा विचार केला, नळीतल्या पेट्रोलचा केला नाही. ज्या कामावर ही नोकरी मिळाली, त्याच कामानं बहिणीचं दार बंद केलं होतं.

त्यानं नदीत पोतं भिजवून नळीवर गुंडाळलं, जरा वेळ जाऊ दिला आणि सेठला खूण केली. दुसऱ्या हँडलला इंजिन सुरू झालं. खात्री करायला पोतं काढून मोटार पुन्हा तापवली आणि बंद केली; ढिम्म. पोतं टाकलं, सुरू. सेठनं कपाळाचा घाम पुसत विचारलं, कोणत्या गाढवानं बांधली होती ती नळी. सोनाजीनं खरं ते सांगितलं. सेठ शेरवानी खांद्यावर टाकून म्हणाला, "तेव्हा शाबासकी मीच दिली होती ना? मग अर्धा गाढव मी."

सोनाजीनं जुन्या भात्यावर नळी लाल करून पाण्यात विझवली. लोखंड असं विझवलं तर कडक होतं, तांबं मात्र मऊ पडतं, हवं तसं वळतं. मग त्यानं ती धुराच्या नळापासून दूर, लांबच्या वळशानं नेली आणि तिच्यावर सुतळी गुंडाळली. पाय काढला की इंजिन आचके देई, तो सैल झालेला स्क्रूही त्यानं त्याच हातासरशी आवळला.

भाऊबीजेला मोटार गच्च भरली होती. पुसेगावात नेहमीच्या जागी न थांबवता सोनाजीनं ती पुढं नेली, थेट रूपाबाईच्या दारात उभी केली, आणि बंद केली.

इतक्या वर्षांच्या धडधडीनंतर ती शांतता सगळ्यांच्याच कानात भरली. उतारू एकमेकांकडे बघायला लागले. दार उघडलं. रूपाबाई घाबरून उंबऱ्यात आली, हात पिठाचे तसेच.

"काय झालं रं? बिघडली का?"

"न्हाई," सोनाजी खाली उतरत म्हणाला. "बंद केली."

ती आत गेली, पाट मांडला, हात धुतले. ओवाळलं, आणि या वेळी कुंकू बरोबर कपाळाच्या मधोमध लागलं. बाहेर उतारूंचा कालवा सुरू झाला तेव्हा रामकिशननं त्यांना पाण्याची कळशी नेऊन दिली आणि गप्प केलं. सोनाजीनं करंजी खाल्ली, आणि शब्द आता पाळायचं कारण उरलं नव्हतं म्हणून तिला सगळं सांगून टाकलं. मोटार तापल्यावर बंद केली असती तर पुन्हा सुरू झाली नसती, तुझ्या दारातच अडकून पडली असती, म्हणून उतरत नव्हतो.

रूपाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तबकातलं निरांजन सारखं केलं.

"मंग काहून बंद केली न्हाईस?" ती म्हणाली. "न्हाई निघाली असती तर राह्यला असतास की माझ्याकडं."

तिच्या पायावर डोकं ठेवून सोनाजी बाहेर आला आणि हँडल धरलं. उन्हात उभ्या असलेल्या त्या तापलेल्या मोटारीपुढं क्षणभर तो तसाच वाकून राहिला. सुरू झाली नाही तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं. मोटार पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली.