निशातबाईंचा शांत वर्ग

मी सव्वीस वर्षं शिक्षक होतो आणि नऊ वर्षं केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर मोटारसायकल फिरवणारा, सगळ्यांचं ऐकून घेणारा आणि निघताना शाळेच्या शेरेबुकात दोन ओळी लिहून चहा पिणारा माणूस. त्या ओळी सहसा कोणी वाचत नाही. मीही कधी वाचल्या जातील असं समजून लिहिल्या नाहीत. पण माझा एक शेरा वाचला गेला, आणि त्याचं काय झालं ते सांगितल्याशिवाय मला निवृत्तीचा नारळ गोड लागणार नाही.

तालुक्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. गावाला आपण कोसंबटोला म्हणू. धानाच्या बांध्या, एक बोडी म्हणजे लहानसं तळं, आणि शाळेच्या संडासामागं पंचवीस पावलांवर जंगल सुरू. पहिली ते चौथी, दोन खोल्या, शिक्षकांची दोन पदं, बेचाळीस लेकरं. तिसरी-चौथी बोरकुटे गुरुजींकडे. ते मुख्याध्यापकही होते. पहिली-दुसरीचं शिक्षकाचं पद दोन वर्षं रिकामं होतं आणि त्या खोलीत मासळीबाजार भरायचा. गुरुजी मधूनच बांबूची कामटी घेऊन जायचे, दोघाचौघांना चोपायचे, पाच मिनिटं शांतता व्हायची आणि पुन्हा बाजार सुरू व्हायचा.

तिथं निशात शेख बदलून आल्या. पोंभुर्ण्याच्या गफ्फार टेलरची मुलगी. बत्तीस-तेहतीसचं वय, अंगानं किरकोळ, आणि आवाज असा की दुसऱ्या रांगेपर्यंत पोचता पोचता विरून जायचा. मी मनात म्हटलं, झालं, ही बाई महिनाभरात रजा टाकणार.

"सर, मले ओरडता येत नाई," त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. "ओरडली तर दोन दिवस गळा बसते."

"मग वर्ग कसा सांभाळाल?"

"पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. एवढंच.

दिवाळीपर्यंत त्यांनी जे केलं ते मी पस्तीस वर्षांत दुसरीकडे पाहिलं नाही. बापाच्या दुकानातून त्या चिंध्यांचं गाठोडं घेऊन आल्या. प्रत्येक रांगेला एक रंग. हिरव्या चिंधीची रांग पाणी प्यायला उठली की बाकीच्या बसून राहणार. दाराशी खिळ्याला दोन लाल चिंध्या. बाहेर जायचं तर दोघांनी जायचं, दोघांच्या गळ्यात लाल चिंधी, आणि ती परत खिळ्याला लागल्याशिवाय तिसरा उठणार नाही. हे काही शिस्तीचं कौतुक म्हणून नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात वाघानं त्या बाजूला गुराख्याची गाय नेली होती. बाईंना कोण बाहेर आहे ते खिळ्याकडे पाहून कळलं पाहिजे होतं.

बाईंनी डोक्यावर हात ठेवला की वर्ग चूप. सकाळी आलं की चपला ओळीत, दप्तर डाव्या हाताला, आणि फळ्यावर जे लिहिलं असेल ते वहीत उतरवायचं. मग एकानं उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवायचं. फळा बाईच पुसणार, दुसरं कोणी हात लावायचा नाही. कारण आधी त्या फळ्यावरूनच निम्मी भांडणं व्हायची.

नियम मोडला तर मार नाही, रागावणं नाही. मोडणाऱ्याला तीच गोष्ट पुन्हा नीट करायला लावायच्या. दुसरीतली पुनम नावाची पोरगी, आधी सगळ्यांत मोठी दांडगोबा, तिला त्यांनी एकाच दिवशी नऊ वेळा दारातून आत यायला लावलं. नवव्या वेळी ती इतकी शहाण्यासारखी आली की बाईंनी तिलाच वर्गप्रमुख केलं.

आणि हे सगळं कशासाठी, तेही त्यांनी मला दाखवलं. गावाबाहेरच्या वळणावर वनविभागाचा बोर्ड आहे: या परिसरात वाघाचा वावर आहे, एकट्याने जाऊ नये. "मार्चपर्यंत माह्या पहिलीतल्या सगळ्या लेकरांनी हा बोर्ड स्वतः वाचला पाहिजे," त्या म्हणाल्या. "यांच्या मायबापाईले वाचता येत नाई सर. हे तं इथूनच येतात-जातात." अशी ध्येयं आमच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. मला ते फार आवडलं होतं, हे खरं आहे.

आवडलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवायची हौस मला नडली. नोव्हेंबरात तालुक्याचे साहेब भेटीला आले. माझ्या दहा शाळांतली दाखवण्यासारखी हीच. वर्ग शांतपणे चालला होता, पण मला तेवढं पुरेना. मी बाईंना म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर मोहाच्या झाडाखाली थांबा. साहेबांना दाखवू, तुमच्याशिवाय वर्ग कसा चालतो ते."

"काऊन सर?" त्या म्हणाल्या. "मी नसली तर ते तेवढंच करतील जेवढं मी सांगून ठेवलं. नवं काई होणार नाई त्यातून."

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

त्या गेल्या. अर्धा तास बाहेर उभ्या राहिल्या, कारण साहेब रंगून गेले होते. तेवीस लेकरं बाईंशिवाय फळा उतरवत होती, एकेक उठून वाचत होती, लाल चिंध्या जात होत्या आणि येत होत्या. साहेबांनी मोबाईलवर शूटिंग केलं. मी शेरेबुकात लिहिलं: शिक्षिका अनुपस्थित असतानाही वर्ग स्वयंशिस्तीने सुरळीत चालतो. इतर शाळांनी आदर्श घ्यावा. खाली झोकात सही. निशातबाईंनी ते वाचलं आणि वही मिटली. मला वाटलं, लाजल्या.

डिसेंबर लागला तशी तालुक्याला ऑनलाइन माहितीची घाई सुटली. विद्यार्थ्यांचे आधार, शाळांचे फोटो, शौचालयांची लांबीरुंदी, सगळं मुदतीच्या आत भरायचं. टायपिंग येणारं माणूस हवं होतं. साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या समोर माझ्या शेऱ्याचा फोटो होता.

"जिथं बाई नसली तरी चालतं, तिथल्या बाई द्या," साहेब म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय. पंधरा दिवसांची कामगिरी."

मला तेव्हा बोलता आलं असतं. साहेब, तो शेरा कौतुकाचा होता, हिशेबाचा नव्हता, एवढं एक वाक्य. पण जानेवारीअखेर मी निवृत्त होणार होतो आणि माझी पेन्शनची फाईल त्याच टेबलावर होती. मी म्हटलं, "बरं." भित्रेपणाला आपण आयुष्यभर समजूतदारपणा म्हणत आलो की तो असा तोंडातून आपोआप निघतो.

आदेश मोबाईलवर आला, चार डिसेंबरला, बुधवारी, चालू तासात. दुपारपर्यंत हजर व्हा. बाई फळ्यावर दुसरीसाठी धडा लिहीत होत्या. मुलांना काय सांगितलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "मी येईपर्यंत फळ्यावरचं करा. गडबड करू नका. पुनम, लक्ष ठेव." चार-सहा दिवसांत एखादी चक्कर टाकू, असा त्यांचा अंदाज होता.

पंधरा दिवसांचा महिना झाला, मग दीड महिना. आमच्याकडे पंधरा दिवस असेच मोजतात. निशातबाई पंचायत समितीच्या एका खोलीत सकाळपासून दुसऱ्यांच्या शाळांचे आकडे भरत बसायच्या. चक्कर टाकायला त्यांना सुटी मिळाली नाही. रोज बोरकुटे गुरुजींना फोन करायच्या आणि ते म्हणायचे, "कायले चिंता करता मॅडम? वर्ग मस्त चालू आहे. आवाजसुदिक येत नाई." मग त्या खिचडी शिजवणाऱ्या बायनाबाईंना फोन करायच्या. बायनाबाई म्हणायच्या, "लेकरं लय गुणाची झाली बाई. खिचडी खाऊन हात धुतात अन् आपापली जाऊन बसतात." गावातून एक तक्रार नाही. मीही दोनदा त्या शाळेवरून गेलो, आवाज आला नाही म्हणून गाडीसुद्धा थांबवली नाही.

निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा मी शाळाशाळांचा निरोप घ्यायला निघालो. निशातबाई कार्यालयाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. "सर, मले घेऊन चला. माह्या पेटीत लेकराईच्या वाचनाचे कार्ड राह्यले. दोन वाजेपर्यंत परत येऊ." मी त्यांना मागे बसवलं. वळणावरच्या बोर्डाजवळ त्या म्हणाल्या, "आतापर्यंत काना-मात्रा संपायले पायजे होत्या."

आम्ही पोचलो तर खरोखर आवाज नव्हता. चपला ओळीत. खिळ्याला दोन लाल चिंध्या. तेवीस लेकरं मान खाली घालून लिहीत होती. बाईंना पाहून कोणी उठलं नाही, कारण लिहिताना उठायचं नाही असा नियम होता. काही जण नुसते हसले. बाईंचा चेहरा फुलला आणि मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं.

फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: बुधवार, ४ डिसेंबर. त्याखाली पहिलीसाठी कमळ, बदक, मगर, शहर. उजवीकडे दुसरीसाठी: आमच्या गावाला बोडी आहे. बोडीत शिंगाडे आहेत. आई शिंगाडे विकते. बोडीच्या पाळीवर. तिथंच थांबलेलं. अक्षरं काही ठिकाणी पुसट झाली होती.

मी आयुषची वही उचलली. पहिलीतला, शेंबडा, फार गोड पोरगा. पहिल्या पानावर बुधवार, ४ डिसेंबर, कमळ, बदक, मगर, शहर. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर तेच. मी पानं उलटत गेलो. वही भरली होती. त्याच्या दप्तरात दुसरी वही होती आणि तीही अर्धी भरली होती. अक्षर सुरेख झालं होतं, दर पानाला अधिक वळणदार. दुसरीच्या वह्यांत प्रत्येक पानाच्या शेवटी बोडीच्या पाळीवर, आणि पुढं काही नाही.

"वाच रे," मी म्हटलं. आयुषनं फळ्याकडे न पाहताच चारही शब्द म्हणून दाखवले. बाईंनी पेटीतून एक कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. त्यावर फक्त बदक लिहिलं होतं. त्यानं नियमाप्रमाणे शब्दावर बोट ठेवलं. मग त्यानं अंदाजानं "कमळ" म्हटलं, आणि बाईंच्या तोंडाकडे पाहून "मगर" म्हटलं. फळ्यावर शब्द ज्या जागी होता त्या जागेवरून तो ओळखायचा. बाईंनी कार्ड खाली ठेवलं. जूनपासूनचं सगळं गेलं होतं.

मी शेजारच्या खोलीत गेलो, तावातावानं. बोरकुटे गुरुजी एका हातानं चौथीची गणितं तपासत होते आणि दुसऱ्या हातात माहिती भरायचा मोबाईल होता. "मी काय करू सर?" ते म्हणाले. "चार वर्ग एकट्यानं, अन् हे भरणं वेगळं. हजेरी घेवाले जातो तं सारे चूप. तिकडं गडबड असती तं गेलो असतो ना." त्यांचा मला राग आला नाही. मी तरी कुठं गाडी थांबवली होती.

परत आलो तेव्हा बाई पुनमला विचारत होत्या, "कोनाले सांगतलं काऊन नाई?"

पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, काही चुकलं. "तुमी सांगतलं होतं ना बाई, येईपर्यंत फळ्यावरचं करा. आमी गडबड नाई केली. एक दिवस बी नाई केली."

निशातबाईंनी डस्टर उचललं.

"थांबा बाई," आयुष घाईनं म्हणाला, "माह्यं व्हायचं आहे."

त्या थांबल्या. तेवीस लेकरांची चार डिसेंबर लिहून होईपर्यंत डस्टर हातात धरून, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. एवढ्या शांत खोलीत रडायचं तर आवाज न करताच रडावं लागतं, आणि त्यांना ते जमलं. मग त्यांनी फळा पुसला, नवी तारीख घातली आणि लिहिलं: बोडीच्या पाळीवर बगळे बसतात. खाली पहिलीसाठी नवे चार शब्द. लेकरांनी एकदम वह्यांचं पान उलटलं. पावणेदोन झाले होते. बाईंनी पेटी बंद केली.

पुनमनं नियमाप्रमाणे बोट वर केलं. बाईंनी मान हलवली तशी ती उभी राहिली.

"बाई, हे कितीक दिवस लिवाचं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं की त्यांच्यासारखंच मलाही माहीत नसेल. आदल्या दिवशीच त्यांच्या कामगिरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याकडून पुढं गेला होता, सत्र संपेपर्यंत. त्यावर केंद्रप्रमुखांचा अभिप्राय असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं होतं, हरकत नाही.