हिल्डाआत्याची टाकी

हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने शेवटचा आचका दिला तेव्हा हिल्डाआत्या शवपेटीतून अर्धीच उठली होती. अंगावर लग्नाचा मळकट झगा, कवटीवर तिरका मुकुट, एक हात वर. उभ्याउभ्या डुलकी लागलेल्या माणसासारखी ती जराशी हलली, दट्ट्यातली हवा फुस्स करून गेली आणि आत्या मागच्या मागे आडवी झाली.

"मेली," मार्ला म्हणाली.

"आधीच... मेलेली होती," गॅरेजच्या दारातल्या खुर्चीतून वेंडेल म्हणाला.

मार्लाला हसू आलं. गेल्या नाताळाच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला, वेंडेलला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, शब्द अडखळायला लागले, पण थट्टा शाबूत राहिली होती. मोटर जळल्याचा वास गॅरेजभर पसरला. तळ्यावरून येणारं गार वारं तो वास हलवायलाही तयार नव्हतं.

लोरेन गावातल्या त्या गल्लीत हॅलोविन म्हणजे क्रूपांचं, मार्ला आणि वेंडेलचं, अंगण. बाकीच्या घरांसमोर भोपळे असत, क्रूपांकडे हवेवर उठणारी बसणारी भुतं होती. सगळी वेंडेलने घरी बनवलेली: दारं आपोआप मिटवणारे जुने दट्टे, शेतीच्या यंत्रांच्या नळ्या, भंगारातलं लोखंड. मार्ला शाळेची बस चालवायची. सकाळी ज्या पोरांना ती "बूड टेकवा आधी!" म्हणून दटावायची, तीच पोरं त्या संध्याकाळी तिच्या व्हरांड्यावर दाटीवाटीने उभी राहायची आणि आत्या उठली की एकमेकांच्या अंगावर पडायची. पहिलीतली पोरं बसमध्ये चढताना विचारायची, "आत्या काय करते आता?" मार्ला म्हणायची, "झोपलीय. हळू बोला."

"नवीन... कॉम्प्रेसर," वेंडेल म्हणाला. "टाकी... तीच."

"कळलं रे. टाकीला कोण हात लावतंय?"

टाकी व्हरांड्याच्या खाली होती. वेंडेलच्या वडिलांच्या वर्कशॉपमधली, लठ्ठ, आडवी, काळ्या रंगाची. तिच्यातच हवा साठायची आणि तिथूनच आत्याकडे जायची.

शनिवारी मार्ला ऑर्विलला घेऊन अवजारांच्या दुकानात गेली. ऑर्विल टुसेक त्यांच्या भूतमंडळातला. हॅलोविनची भुतं बनवणाऱ्यांचं हे मंडळ चर्चच्या तळघरात जमायचं, डोनट खात खात एकमेकांच्या कवट्यांना नावं ठेवायचं.

मार्लाने एका छोट्या लाल कॉम्प्रेसरवर हात ठेवला. "हा बरा दिसतोय."

"दिसतोय बरा. टायरमध्ये हवा भरायची असेल तर ने घरी."

"का? काय वाईट आहे त्यात?"

"अगं, तुझी आत्या म्हणजे काय चिमणी आहे? तिला एकदा उठवायचं तर केवढी हवा लागते! दोनदा उठली की ह्याचा दम संपला. मग हा सुरू होणार, धडधडधडधड. पोरं घाबरायच्या ऐवजी विचारतील, आत्याचं वॉशिंग मशीन लागलंय का?"

"मग तो मोठा?"

"तो तर आणखी ओरडतो. तू असं कर, हा घे." ऑर्विलने एका बुटक्या, करड्या यंत्रावर थाप मारली. "मुका आहे. सावकाश भरतो, पण तोंडातून आवाज काढत नाही. माझ्या बायकोने ह्याच्याकडून शिकायला हवं."

"सांगते तिला."

"नको नको. तर मुद्दा असा, यंत्र हळू असलं तरी चालतं, जोडीला टाकी दांडगी हवी. पोरं यायच्या आधी भरून ठेवायची, मग संध्याकाळभर आत्या खुशाल उठबस करू दे. आणि टाकी तर वेंडेलची आहेच. सोनं आहे सोनं. पाणी वेळेवर काढत असाल, तर तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

"कसलं पाणी?"

ऑर्विल हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसणं आवरलं.

"मार्ला, हवा दाबली की पाणी सुटतं. तळाशी साचतं. खालच्या चावीतून ते दर वेळी काढायचं असतं, नाहीतर टाकी आतून गंजते. बाहेरून काही दिसत नाही, पण एक दिवस हवा भरली की बॉम्बसारखी फुटते."

"ते वेंडेल बघतो."

"बघत असेलच."

"मग तोंड का असं केलंस?"

"काही नाही गं. एकदा खाली जाऊन बघ. नुसती बघ. हवा भरू नकोस."

घरी येताच मार्लाने गाडीतून यंत्र उतरवलंसुद्धा नाही. जुनी जीन्स चढवली, खिशात पकड आणि स्क्रूड्रायव्हर खोचला, बॅटरी घेतली. वेंडेल खिडकीत होता.

"कुठे?"

"टाकी बघते."

"राहू दे."

"बघते नुसती."

"मार्ला. राहू... दे."

तो आवाज तिने ओळखला. डॉक्टरांना खोटं सांगताना त्याचा हाच आवाज असायचा.

व्हरांड्याखाली वाकून, मग गुडघ्यांवर, मग पोटावर सरकत ती पुढे गेली. टाकीचा काटा शून्यावर होता. खालची चावी गंजून एवढी घट्ट बसली होती की पकडीने फिरवली तर मुठीसकट निघाली. दोन थेंब, तपकिरी. मग काहीच नाही. तिने बॅटरी टाकीच्या पोटाखालून मारली. सगळीकडे काळा रंग जुना, खरखरीत. एका जागी मात्र गुळगुळीत, तळहाताएवढा. तिने तिथे नखाने ओरखडलं. आत राखाडी लांबी होती, भिंतीच्या भेगेत भरतात तशी. पत्र्यावर लांबी.

तिने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जराच दाबला.

तो आत गेला.

मार्ला तशीच पडून राहिली. डोक्यावर व्हरांड्याच्या फळ्या होत्या. फळ्यांच्या फटीतून आभाळाच्या पट्ट्या दिसत होत्या. त्या फळ्यांवर पोरं उभी राहायची.

ती घरात आली तेव्हा वेंडेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. समोर पिरोगीची, उकडलेल्या करंज्यांची, ताटली, हात न लावलेली.

"लांबी कोणी भरली?"

त्याने ताटली बाजूला सरकवली.

"वेंडेल, तोंडाला झटका आलाय हे मला माहीत आहे. मान तर हलते ना? तू भरलीस?"

त्याने मान डोलावली.

"कधी?"

"मागच्या... वर्षी."

"हॅलोविनच्या आधी?"

"त्याच... सकाळी. भोक... एवढंसं. सुईएवढं. शिटी... वाजत होती."

"आणि तू लांबी भरलीस, रंग मारलास आणि वर पोरं उभी केलीस."

"एकच... रात्र. म्हटलं... टिकेल."

"माझ्या बसमधली पोरं, वेंडेल! ती जुळी. तो चष्मेवाला एमरी, आईचा हात सोडत नाही तो. आणि मी. चॉकलेटचं घमेलं घेऊन मी कुठे उभी होते?"

वेंडेलने डावा हात टेबलावर आपटला. रागाने नव्हे, शब्द बाहेर पडावा म्हणून. "मुलं... वाट बघत होती. सगळी... गल्ली. नाही कसं... सांगू?"

"तोंडाने! तेव्हा तर तोंड धड होतं!"

बोलून गेली आणि तिलाच लागलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

तिने ताटली उचलून ओट्यावर ठेवली. मग वेंडेल म्हणाला, "मी... खाली होतो."

आणि मार्लाला आठवलं. दरवर्षी तो बटण घेऊन खिडकीत बसायचा. गेल्या वर्षी मात्र व्हरांड्याखाली शिरला होता, टाकीला पाठ टेकून. ती वरून ओरडली होती, "काय रे, उंदीर पकडतोयस?" पोरं खिदळली होती. तो खालून म्हणाला होता, "इथून मजा दिसते."

"मध्ये... बसलो," वेंडेल म्हणाला. "टाकी... मी... मग मुलं."

"तू मध्ये बसलास म्हणजे ते थांबलं असतं?"

त्याने मान खाली घातली. "नाही."

"माहीत होतं तुला."

"हो."

तिला वाटलं, ह्याने निदान खोटं तरी बोलावं.

दुसऱ्या दिवशी दोरी बांधून तिने टाकी बाहेर ओढली. वेंडेल काठी टेकत आला. "ऑर्विल... वेल्ड करेल."

"नाही."

"बाबांची... आहे."

"माहितीये कोणाची आहे. रस्त्याकडेला ठेवली तर सकाळी भंगारवाला उचलेल, कोणीतरी विकत घेईल, रंग मारेल आणि हवा भरेल. तुझ्यासारखाच कोणीतरी हुशार."

ती ड्रिल घेऊन आली. टाकी गोल, घरंगळायला लागली. तिने गुडघ्याने अडवली, तरी सरकत होती. मग वेंडेलने काठी गॅरेजच्या भिंतीला टेकवली, तोल सावरला आणि आपला धड पाय टाकीवर रोवला.

तिने वर पाहिलं नाही. एक भोक पाडलं. दुसरं. तिसऱ्याला तळातून तपकिरी पाणी भळभळा निघालं, सिमेंटवरून ओघळत गटाराकडे गेलं. त्यात गंजाचे पापुद्रे होते, पानगळीसारखे. वेंडेल त्या पाण्याकडे बघत उभा होता, पाय न काढता.

नवी टाकी तपासणीचा शिक्का असलेली आणली. ऑर्विल म्हणाला, पूर्वीसारखी व्हरांड्याखालीच ठेवू, जवळ असली की आत्या झटक्यात उठते. मार्लाने ती गॅरेजच्या मागे ठेवायला लावली, विटांच्या भिंतीपलीकडे.

"एवढी लांब नळी? आत्या आळसात उठेल."

"उठू दे. वय झालंय तिचं."

पाणी काढायचं काम वेंडेलने मागून घेतलं. डाव्या हाताने चावी फिरते, म्हणाला. मार्ला हो म्हणाली. रोज दुपारी बस लावून ती घरी येते, चहाचं पाणी ठेवते आणि विचारते, "काढलंस पाणी?"

"काढलं."

"बरं."

मग ती कचरा टाकायला म्हणून मागे जाते. पिशवी खाली ठेवते, टाकीपाशी उकिडवी बसते आणि चावीखालची माती बोटांनी चाचपते. माती ओली असते. आजवर रोज ओली होती. ती बोटं जीन्सला पुसते, पिशवी उचलते. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा हललेला असतो.

ती आत येते. तो काही विचारत नाही. दोघं चहा घेतात.